वापरलेल्या कारची वॉरंटी : वाद टाळण्यासाठी आणि क्लेम नाकारला गेल्यास काय करावे

वॉरंटीसह वापरलेली कार घेणाऱ्याची सर्वसाधारण समजूत अशी असते की मुदतीत गाडीत काहीही बिघडले तरी विक्रेता ते विनामूल्य दुरुस्त करून देईल. वॉरंटीच्या कागदावर मात्र ठरावीक भाग, ठरावीक रक्कम आणि ठरावीक अटी एवढेच लिहिलेले असते. हे अंतर व्यवहाराच्या वेळी कोणी बोलून दाखवत नाही. पहिला मोठा बिघाड होतो, वर्कशॉप चाळीस-पन्नास हजारांचा अंदाज हातात देते, तेव्हा ते कळते. मराठवाड्यात सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आल्यावर दिवाळीच्या आगेमागे कुटुंबातली पहिली कार घेणारी अनेक घरे आहेत आणि त्यांच्यासाठी एवढे अनपेक्षित बिल म्हणजे पुढच्या पेरणीच्या पैशाला हात लावणे होय. अशा नव्या खरेदीदारांनी कोणत्या क्रमाने काय करावे, हे या लेखात मांडले आहे.

वॉरंटीच्या वादांचे कागद पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की असे बहुतेक वाद शेवटी दोन प्रश्नांपाशी येऊन थांबतात : विक्रीच्या दिवशी लेखी काय दिले गेले, आणि बिघाड झाल्यावर गाडी पहिल्यांदा कोणी, कुठे व कोणाच्या परवानगीने उघडली. खालच्या सर्व पायऱ्या याच दोन प्रश्नांच्या तयारीसाठी आहेत.

पहिली पायरी : वॉरंटी कोणी दिली आहे ते ओळखणे

‘एक वर्षाची वॉरंटी’ या तीन शब्दांमागे तीन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. गाडी तीन-चार वर्षांच्या आतली असेल तर उत्पादक कंपनीच्या मूळ वॉरंटीचा उरलेला काळ शिल्लक असू शकतो. ती सहसा गाडीसोबत नव्या मालकाकडे येते, पण वाढीव वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर करण्यासाठी काही कंपन्या अर्ज आणि शुल्क मागतात. दुसरा प्रकार म्हणजे विक्रेत्याची स्वतःची वॉरंटी, जी संघटित दालनांत छापील पुस्तिकेच्या रूपात मिळते आणि गावोगावच्या ऑटो कन्सल्टंटकडे बहुधा ‘काही झालं तर आम्ही आहोतच’ एवढ्यावर भागवली जाते. तिसऱ्या प्रकारात विक्रेता फक्त पैसे घेतो आणि वॉरंटी एखादी त्रयस्थ कंपनी देते. येथे हप्ता भरूनही विक्रेत्याने नोंदणीच केली नाही, असा प्रकार घडू शकतो. म्हणून गाडी ताब्यात घेण्यापूर्वीच वॉरंटी प्रमाणपत्राचा क्रमांक, त्यावरील आपले नाव, चेसिस क्रमांक आणि सुरुवातीचे किलोमीटर हे सर्व तपासून घ्यावे, आणि त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून क्रमांक खरा असल्याची खात्री करावी.

एखाद्या व्यक्तीने आपली घरची गाडी आपल्याला थेट विकली असेल, तर परिस्थिती वेगळी असते. ती व्यक्ती गाड्यांचा व्यापार करत नसल्यामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा उपलब्ध होत नाही. दिवाणी दावा, किंवा जाणूनबुजून फसवल्याचा पुरावा असल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार, एवढेच उपाय उरतात. अशा व्यवहारात वॉरंटीवर विसंबू नये आणि विश्वासातला मेकॅनिक नेऊन गाडी आधीच तपासून घ्यावी.

विक्रेता अधिकृत आहे का, हेही याच टप्प्यावर विचारावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या वाहनांच्या विक्रेत्याने आरटीओकडून प्राधिकार प्रमाणपत्र घेणे अपेक्षित आहे आणि ते पाच वर्षे वैध असते. गाडी विक्रेत्याच्या ताब्यात आल्याची माहिती मूळ मालकाने ऑनलाइन दिली की त्या काळापुरता विक्रेताच मालक मानला जातो. असे प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला पुढे ‘मी फक्त मध्यस्थ होतो’ असे म्हणणे अवघड जाते, आणि वादात हे वाक्य फार वेळा ऐकू येते.

दुसरी पायरी : वगळलेल्या भागांची यादी आधी वाचणे

वॉरंटीच्या पुस्तिकेत समाविष्ट भागांची यादी मोठ्या अक्षरांत असते आणि वगळलेल्या भागांची बारीक अक्षरांत. वाचताना हा क्रम उलटा करावा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर, बल्ब, बेल्ट, रबरी पाइप, सस्पेन्शनचे बुश हे झिजणारे भाग जवळजवळ सगळीकडे वगळलेले असतात आणि त्यात गैर काही नाही. अडचण येते ती मधल्या भागांची. टर्बो, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनाचे काम नियंत्रित करणारा संगणक), एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगची मोटर, क्लचचे रिलीज बेअरिंग, ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील क्लचचा संच या प्रत्येक भागाचे नाव घेऊन ‘हे येते का’ असे विचारावे आणि उत्तर व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर मागावे. तोंडी ‘सगळं येतं’ या उत्तराला पुढे काही किंमत राहत नाही. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा एसी बंद पडणे ही इथल्या कुटुंबाला चैनीची गोष्ट वाटत नाही. तरीही अनेक योजनांमध्ये एसी अर्धवटच समाविष्ट असतो, म्हणजे कॉम्प्रेसर येतो पण गॅस आणि कंडेन्सर येत नाही.

यादीनंतर रकमेची मर्यादा पाहावी. एका क्लेमची कमाल रक्कम, संपूर्ण मुदतीची कमाल रक्कम, मजुरी समाविष्ट आहे की नाही, आणि ऑइल, कूलंट, गॅस्केट अशा उपभोग्य वस्तूंचा खर्च कोणावर, या चार गोष्टी कागदावर असतातच. इंजिनाच्या कामात उपभोग्य वस्तू आणि मजुरी मिळून बिलाचा मोठा हिस्सा होतो, त्यामुळे क्लेम मंजूर होऊनही खिशातून बरेच पैसे जाऊ शकतात.

मग निगेच्या अटी येतात. ठरावीक किलोमीटरला किंवा ठरावीक महिन्यांत अधिकृत वर्कशॉपमध्येच सर्व्हिस करण्याची अट असेल, आणि आपण राहतो तिथून असे वर्कशॉप शंभर किलोमीटरवर असेल, तर ही अट आपल्याला वर्षभर पाळता येणार आहे का, हा विचार गाडी घेण्यापूर्वीच करावा. किनवट, माहूर किंवा भूम-परंड्याकडच्या खरेदीदाराने विक्रेत्याकडून ‘जवळच्या या गॅरेजमध्ये सर्व्हिस केलेली चालेल’ असे नावानिशी लिहून घ्यावे. तसे लिहून मिळाले नाही तर सर्व्हिसची तारीख चुकवू नये, आणि प्रत्येक बिलावर गाडीचा क्रमांक, किलोमीटर रीडिंग आणि वापरलेल्या ऑइलचा दर्जा नोंदवून घ्यावा.

तिसरी पायरी : विक्रीच्या दिवशीचे कागद

या दिवशी किमान चार कागद हातात यायला हवेत : बिल, अटींसह वॉरंटी प्रमाणपत्र, विक्रेत्याचा तपासणी अहवाल आणि गाडीच्या सर्व्हिसचा जुना इतिहास.

बिल टाळण्यासाठी ‘बिल घेतलं तर अठरा टक्के वाढतील’ असे सांगितले जाते. जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला वापरलेल्या गाडीवर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के दर लागू आहे हे खरे, पण मार्जिन योजनेत तो कर खरेदी-विक्रीच्या किमतीतील फरकावर पडतो. विक्रेत्याने ४,००,००० रुपयांना घेतलेली गाडी ४,५०,००० रुपयांना विकली, तर कर ५०,००० रुपयांवर म्हणजे ९,००० रुपये होतो. पूर्ण किमतीवरचे ८१,००० रुपये वाढतील, ही भीती निराधार आहे. बिल नसलेल्या व्यवहारात आपण किती पैसे दिले हेच सिद्ध करता येत नाही, म्हणून इसाराची रक्कमसुद्धा बँकेतून किंवा यूपीआयने द्यावी.

तपासणी अहवालाला मी सर्वाधिक महत्त्व देतो. संघटित विक्रेते इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, सस्पेन्शन अशा प्रत्येक भागाला गुण किंवा शेरा देणारा अहवाल तयार करतात, जाहिरातीत तोच दाखवतात, आणि विक्रीनंतर तो संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून निघूनही जातो. गाडी पसंत केल्याच्या दिवशीच त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. ‘क्लच उत्तम’ असा शेरा देऊन विकलेल्या गाडीचा क्लच तीन आठवड्यांत गेला, तर विक्रेत्याला ‘तो आधीच झिजलेला होता’ असे म्हणण्यासाठी स्वतःचाच अहवाल खोटा ठरवावा लागतो.

किलोमीटर मागे फिरवल्याची शंका असेल तर गाडीचा क्रमांक देऊन त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसच्या नोंदी मागवाव्यात. टायरच्या बाजूला कोरलेले चार अंकही उपयोगी पडतात; त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर वीस हजार किलोमीटर असलेल्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील तर प्रश्न विचारायलाच हवा.

आपल्या भागासाठी आणखी एक तपासणी आता आवश्यक झाली आहे. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने धाराशिव, बीड, लातूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत पुराचे पाणी गावांत शिरले. पाण्यात राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात, आणि पाण्यामुळे झालेले नुकसान वॉरंटीतून वगळलेले असते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर मातकट रेघ आहे का पाहावे, सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरील गंज, वायरिंगच्या जोडांमधील गाळ आणि स्टेपनीच्या खोबणीतला ओलसर वास तपासावा, आणि गाडीवर पूर्वी घेतलेल्या विमा क्लेमची माहिती विक्रेत्याकडून लेखी मागावी.

ताबा पावतीवर ‘जशी आहे तशी, पाहून व तपासून घेतली, यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही’ असे वाक्य छापलेले असते. सही करण्यापूर्वी त्याखाली स्वतःच्या हाताने ‘वॉरंटी प्रमाणपत्रातील हक्क अबाधित ठेवून’ असे लिहावे आणि त्या पानाचा फोटो काढावा.

आरसी आपल्या नावावर करण्यासाठी ३० दिवसांच्या आत अर्ज करावा आणि विमा हस्तांतरित करण्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवावे. गाडी एमएच २० ची असो वा एमएच २६ ची, जुन्या मालकाच्या नावावर फिरणाऱ्या गाडीचा प्रत्येक क्लेम अडकतो.

चौथी पायरी : बिघाड झाल्यानंतरचे पहिले चोवीस तास

हा भाग नीट वाचावा, कारण हातातला खरा क्लेम येथेच निसटतो.

गाडी रस्त्यात बंद पडली की मदतीला येणारा माणूस बोनेट उघडतो, ओळखीचा मेकॅनिक बोलावला जातो, गाडी टोचन करून जवळच्या गॅरेजमध्ये नेली जाते आणि संध्याकाळपर्यंत इंजिनाचे हेड उतरवलेले असते. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. पण वॉरंटी देणारी कंपनी दुसऱ्या दिवशी कळवते की परवानगीशिवाय बाहेर गाडी उघडल्यामुळे क्लेम रद्द झाला आहे, आणि बिघाड मुळात कशामुळे झाला हे सांगणारा पुरावा तोपर्यंत गॅरेजच्या कचऱ्यात गेलेला असतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. धोक्याचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा वर गेला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणून चालवलेले चार किलोमीटर पुढे संपूर्ण क्लेमवर उठतात. डॅशबोर्डवरील दिवे आणि किलोमीटर रीडिंग एका चौकटीत दिसतील असा फोटो काढावा, गाडीखाली गळती असेल तर तिचा व्हिडिओ घ्यावा. त्यानंतर ग्राहक सेवेला फोन करून तक्रार क्रमांक घ्यावा आणि फोनवर काय बोलणे झाले ते लगेच लेखी पाठवावे. मजकूर साधा असावा, उदाहरणार्थ :

“आज सकाळी सव्वानऊ वाजता औसा–निलंगा रस्त्यावर, किलोमीटर रीडिंग ६८,४१२ असताना तापमानाचा दिवा लागला. गाडी लगेच थांबवून इंजिन बंद केले आहे. गाडी कोणत्याही गॅरेजमध्ये उघडलेली नाही. ती कोणत्या वर्कशॉपला न्यावी आणि टोचनचा खर्च कोण देणार, हे कृपया आजच लेखी कळवावे.”

या चार वाक्यांत तारीख, वेळ, ठिकाण, रीडिंग, तत्काळ थांबल्याची नोंद आणि गाडी न उघडल्याची नोंद आली. उत्तर आले नाही तर त्याच मजकुराखाली दुसऱ्या दिवशी स्मरणपत्र पाठवावे. गाडी हलवणे भागच असेल, म्हणजे ती रात्री महामार्गावर उभी असेल, तर टोचनची पावती घ्यावी आणि गॅरेजवाल्याला फक्त उभी करायला जागा द्यावी असे सांगावे.

वर्कशॉपमध्ये जॉब कार्ड, म्हणजे तक्रार आणि कामाची नोंद करणारा कागद, भरले जाते तेव्हा सल्लागार ‘जनरल चेकअप’ किंवा ‘क्लच जाम, झीज’ असे पटकन लिहून टाकतो. ग्राहकाची तक्रार आणि वर्कशॉपचे निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या जागी आपण अनुभवलेले लक्षण आपल्याच शब्दांत लिहून घ्यावे, जसे की ‘तिसरा गिअर टाकताना खडखड आवाज येतो, गेल्या दोन दिवसांपासून’. निदानाचा शब्द तपासणीपूर्वीच कार्डावर आला असेल तर तो खोडायला सांगावा, आणि कोऱ्या रकान्यांवर सही करू नये. इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलण्यासाठी परवानगी मागितली गेली तर क्लेम नाकारला गेल्यास खोलण्याची मजुरी कोण देणार हे आधी ठरवावे, आणि खोलताना शक्यतो समोर उभे राहून व्हिडिओ घ्यावा. संगणकावर स्कॅन करून मिळालेल्या दोष-कोडची छापील प्रत मागायला विसरू नये.

पाचवी पायरी : नकाराचे कारण लेखी घेणे आणि ते तपासणे

‘वरून रिजेक्ट झालं’ हे उत्तर स्वीकारू नये. वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली, कोणत्या निरीक्षणाच्या आधारे आणि कोणत्या भागाबाबत क्लेम नाकारला, हे ईमेलवर मागावे. कारण हातात आल्यावरच त्याला उत्तर देता येते.

सर्वाधिक दिले जाणारे कारण म्हणजे नैसर्गिक झीज. त्याला उत्तर तीन गोष्टींतून उभे राहते : गाडी घेतल्यापासून झालेले किलोमीटर, विक्रेत्याच्या अहवालातील त्या भागाची स्थिती, आणि बिघाडाचे स्वरूप. झीज हळूहळू होते आणि तिची लक्षणे आधी दिसतात, तर तुटणे, तडकणे किंवा आतून एकदम निकामी होणे हे बहुधा दोषाकडे बोट दाखवते. तुटलेल्या गिअरच्या दात्याचा जवळून घेतलेला फोटो येथे दहा पत्रांचे काम करतो.

‘बिघाड विक्रीपूर्वीचा आहे’ हे दुसरे कारण ऐकून मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होते. विक्रेत्याने स्वतः तपासून प्रमाणित केलेली गाडी विकायची, आणि दोष निघाला की तो आधीपासून होता म्हणून जबाबदारी झटकायची, हे ग्राहकाच्या विश्वासाशी उघडपणे विसंगत आहे. दोष आधीचा असल्याचे मान्य केले तर प्रश्न वॉरंटीपुरता उरतच नाही. सदोष वस्तू चांगली म्हणून विकल्याचा मुद्दा उपस्थित होतो आणि तो थेट विक्रेत्याविरुद्ध मांडता येतो. म्हणून वॉरंटी त्रयस्थ कंपनीची असेल तर नोटीस आणि तक्रार या दोन्हींत विक्रेता व कंपनी अशा दोघांनाही पक्षकार करावे. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले तरी दोघेही समोर राहतात.

तिसरा वाद कारण आणि परिणाम यांचा असतो आणि तो सर्वांत अवघड. वरच्याच उदाहरणात रेडिएटरचा रबरी पाइप फुटून कूलंट वाहून गेले आणि हेड गॅस्केट जळाले असे समजू. पाइप वगळलेल्या यादीत आहे, गॅस्केट व सिलिंडर हेड समाविष्ट यादीत आहेत. कंपनी म्हणते की मूळ कारण वगळलेला भाग असल्यामुळे पुढचे सर्व नुकसानही वगळले. मालक म्हणतो की नुकसान समाविष्ट भागाचे झाले आहे, म्हणून ते मिळायला हवे. टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकतात तेव्हाही हाच पेच उभा राहतो. अशा वेळी पहिल्यांदा कागदात ‘वगळलेल्या भागामुळे झालेले परिणामी नुकसान’ असे शब्द स्पष्टपणे आहेत का ते पाहावे. तसे नसतील तर मालकाची बाजू भक्कम असते, कारण छापील करारातील संदिग्धतेचा अर्थ तो करार तयार करणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे तत्त्व विमा करारांबाबत आपल्या न्यायालयांनी वारंवार मान्य केले आहे आणि वॉरंटीच्या वादातही ते मांडता येते. तसे शब्द असतील तर ती अट विक्रीच्या वेळी दिली होती का, हा पुढचा प्रश्न येतो. ग्राहकाला कधी न दिलेली वगळणुकीची अट त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या प्रकरणांत म्हटले आहे. अटींची पुस्तिका गाडी घेतल्यानंतर महिन्याने लिंकवर मिळाली असेल तर तो संदेश जपून ठेवावा. तिसरी गोष्ट म्हणजे दिवा लागल्यावर गाडी किती चालली. येथे स्कॅनची प्रत आणि आपला पहिला संदेश उपयोगी पडतो.

बाकीची कारणे थोडक्यात पाहता येतात. बाहेरून बसवलेला आणि आरसीवर न नोंदवलेला सीएनजी संच असेल तर इंधनप्रणालीचा क्लेम टिकवणे फार कठीण आहे. पण त्याच कारणाने पॉवर विंडोचा किंवा स्टिअरिंगचा क्लेम नाकारला असेल तर संबंध काय हे विचारावे. पांढऱ्या पाटीची गाडी लग्नसराईत भाड्याने दिल्याचे आढळले तर वॉरंटी सहसा संपते. डिझेलमध्ये पाणी आढळल्याचे कारण दिले गेले तर नमुना समोर काढून सीलबंद करण्याची मागणी करावी. नुकसान पाणी शिरल्यामुळे किंवा आदळल्यामुळे झाले असेल तर तो विषय विमा कंपनीचा आहे. मात्र साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड येत नाही आणि पाण्याने बंद पडलेल्या इंजिनासाठी बहुधा वेगळे संरक्षण घ्यावे लागते, म्हणून दोन्ही कंपन्यांना एकाच दिवशी कळवलेले बरे.

सहावी पायरी : दुरुस्ती थांबवावी की करून घ्यावी

वाद मिटेपर्यंत गाडी वर्कशॉपमध्येच ठेवावी असे अनेकांना वाटते. माझा सल्ला वेगळा आहे. वाद महिनोन्महिने चालू शकतो, वर्कशॉप जागेचे भाडे लावू शकते, आणि घरची कामे अडतात. विक्रेता आणि वॉरंटी कंपनी यांना लेखी कळवावे की अमुक तारखेपर्यंत आपल्या तज्ज्ञाकडून गाडीची पाहणी करून घ्यावी, त्यानंतर आपण हक्क राखून स्वखर्चाने दुरुस्ती करून घेणार आहोत. दहा-पंधरा दिवसांची मुदत पुरेशी आहे. मुदत संपल्यावर परवानाधारक वाहन सर्व्हेअर किंवा यांत्रिकी पदवीधर अभियंता यांच्याकडून सुटलेल्या भागांची तपासणी करून, बिघाडाचे कारण सांगणारा स्वाक्षरीचा अहवाल घ्यावा आणि मगच काम सुरू करू द्यावे.

काढलेले जुने भाग वर्कशॉपकडे सोडू नयेत. ते गोणीत भरून, गाडीचा क्रमांक, तारीख आणि जॉब कार्डाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आत टाकून, वर्कशॉपच्या सहीने बांधून घरी आणावेत आणि निकाल लागेपर्यंत जपावेत. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते आणि आयोगाला गरज वाटल्यास वस्तू तपासणीसाठी पाठवता येते. पाठवायला वस्तूच नसेल तर हा मार्ग बंद होतो.

सातवी पायरी : १९१५ आणि नोटीस

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते आणि ती संबंधित कंपनीकडे पाठवली जाते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत काही प्रकरणे येथेच मिटतात, छोट्या कन्सल्टंटच्या बाबतीत फारशी आशा धरू नये. हेल्पलाइन निकाल देत नाही, म्हणून तिच्या भरवशावर कायदेशीर मुदत घालवू नये.

नोटीस वकिलाकडूनच जावी असा नियम नाही. गाडीचा तपशील, खरेदीची तारीख व किंमत, बिघाडाचा घटनाक्रम, नकाराचे कारण, त्याला उत्तर आणि नेमकी मागणी एवढे एका-दोन पानांत लिहून, पंधरा दिवसांची मुदत देऊन, स्पीड पोस्टने विक्रेत्याच्या आणि कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवावे व पोच जपावी. मागणी नेमकी असावी : दुरुस्तीचे अमुक रुपये, टोचनचे अमुक, तज्ज्ञाच्या अहवालाचे अमुक. ‘योग्य तो न्याय मिळावा’ असे मोघम लिहू नये.

आठवी पायरी : जिल्हा ग्राहक आयोग

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार मोबदला, म्हणजे गाडीसाठी दिलेली किंमत, ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे जवळजवळ सर्व वापरलेल्या गाड्या त्यात आल्या. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये आणि १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे. वकील लावणे बंधनकारक नाही.

नव्या कायद्याने दिलेली एक सोय आपल्या भागासाठी अतिशय मोलाची आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. गाडी पुण्यातून घेतली असली तरी हिंगोलीच्या खरेदीदाराने हिंगोलीच्या आयोगात जावे. पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही. वॉरंटीत ‘वाद लवादाकडेच जाईल’ अशी अट असली तरी ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केले आहे. गाडी स्वयंरोजगारासाठी, स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतली असेल तरी तो माणूस ग्राहक राहतो. अनेक गाड्या घेऊन चालक ठेवून धंदा करणाऱ्याला मात्र ही व्याख्या लागू होत नाही.

तक्रार प्रत्यक्ष किंवा ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते. सोबत बिल, बँकेची नोंद, वॉरंटी, तपासणी अहवाल, जॉब कार्ड, नकाराचा ईमेल, तज्ज्ञाचा अहवाल, नोटीस व पोच आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. व्हॉट्सॲपच्या संदेशांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र जोडलेले चांगले. कागद तारखेच्या क्रमाने लावून प्रत्येकाला अनुक्रमांक द्यावा, आणि तक्रारीत तोच क्रमांक लिहावा.

विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि जास्तीत जास्त आणखी १५ दिवस मिळतात; ही मुदत त्यापुढे वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवले आहे. त्यांना आयोगाची नोटीस मिळाल्याची तारीख म्हणूनच वहीत टिपून ठेवावी आणि उशिरा आलेल्या उत्तराला हरकत घ्यावी. तपासणीची गरज नसलेले प्रकरण तीन महिन्यांत आणि गरज असलेले पाच महिन्यांत निकाली काढावे असे कायद्यात असले तरी प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर रक्कम आणि देण्याची तारीख दोन्ही लिहिलेली असतील तरच मान्य करावा.

निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. मराठवाड्यातील पक्षकारांसाठी राज्य आयोगाचे परिक्रमा खंडपीठ छत्रपती संभाजीनगर येथे आहे. विक्रेत्याला अपील करायचे असेल तर आदेशातील रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. त्याने अपीलही केले नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर जिल्हा आयोगातच अंमलबजावणीचा अर्ज करावा. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ७२ नुसार आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा २५,००० ते १,००,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. या अर्जासाठी आदेशाची प्रमाणित प्रत लागते, ती निकालाच्या दिवशीच मागून घ्यावी.